एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स : पार्टिशनला हात लावण्याआधी विचारून घेते

कोरीपाटी (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार. माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे आणि ते तसंच राहायला हवं, घरातली सगळी कामं त्याच्यावर चालतात. जोडीला लिनक्स मिंट टाकायचं आहे. सहा महिने व्हर्च्युअल मशीनमध्ये वापरून झालं. आवडलं, पण मशीन फार रखडतं, म्हणून आता थेट डिस्कवर हवं आहे.

डिस्क एकच आहे, ५१२ जीबीची एसएसडी. डिस्क मॅनेजमेंट उघडलं की तीन चौकोन, म्हणजे डिस्कचे तीन भाग (पार्टिशनं) दिसतात. पहिला ईएफआय सिस्टीम पार्टिशन (सिस्टीम सुरू करणाऱ्या फाइलींचा), २६० एमबी. मधला सी, ४७५.६९ जीबी, त्यातले साधारण २४० जीबी रिकामे. शेवटी रिकव्हरी पार्टिशन, १००० एमबी. डी ड्राइव्ह नाहीच.

सी लहान करायचा विंडोजमधून की मिंटच्या इन्स्टॉलरमधून? ईएफआय पार्टिशन लिनक्ससाठी वेगळं करावं लागतं का? आणि तो रिकव्हरीचा तुकडा उडवला तर चालेल का? मुलांचे लहानपणापासूनचे फोटो याच डिस्कवर आहेत, त्यामुळे घाई करायची नाही असं ठरवलं आहे.

जुनाजाणता | सोमवार, रात्री १०:२५

ते फोटो आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. कॉपी झाली की बाहेरची डिस्क काढा, दुसऱ्या कुठल्या तरी कॉम्प्युटरला लावा आणि मधले-अधले दहावीस फोटो उघडून बघा. "कॉपी केली होती, पण उघडून पाहिली नव्हती" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की हा मुद्दा पहिला लिहितो. इन्स्टॉल करताना ती बाहेरची डिस्क लॅपटॉपला लावलेली नको. इन्स्टॉलरच्या यादीत दोन डिस्क दिसल्या की चुकीची निवडली जाण्याची शक्यता तिथेच तयार होते.

आता तुमचे प्रश्न. सी ही विंडोजची फाइल सिस्टीम, ती विंडोजकडूनच लहान करून घ्या. कोणती फाइल हलवता येते आणि कोणती नाही हे त्याला पक्कं माहीत असतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी वर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. तिथे आकडा एमबीत द्यायचा असतो, म्हणजे १२० जीबी हवे असतील तर १२२८८०. मोकळी झालेली जागा "अनअ‍ॅलोकेटेड" म्हणून काळ्या पट्टीत दिसेल. ती तशीच सोडा. त्यावर विंडोजमधून नवा व्हॉल्यूम करू नका, अक्षरही देऊ नका.

ईएफआय पार्टिशन एकच पुरतं. त्यात प्रत्येक सिस्टीम आपापला फोल्डर करते, लिनक्सचा तिथला पसारा जेमतेम काही एमबींचा असतो. फक्त इन्स्टॉलरमध्ये त्याच्यासमोर "फॉरमॅट"ची खूण पडलेली नाही ना, हे दोनदा बघा. ते फॉरमॅट झालं तर सी सुखरूप असूनही विंडोज सुरू होणार नाही.

रिकव्हरीला हात लावू नका. १००० एमबीत लिनक्सची काही सोय होत नाही आणि विंडोज बिघडलं तर दुरुस्तीचं साहित्य तिथेच असतं.

आणखी एक. तुम्हाला तीन चौकोन दिसतात, पण प्रत्यक्षात पार्टिशनं चार असणार. १६ एमबीचं एक राखीव पार्टिशन डिस्क मॅनेजमेंट दाखवतच नाही. लिनक्सच्या यादीत ते दिसलं की दचकू नका आणि रिकामं समजून उडवू नका.

सगळ्यात शेवटी, पण कॉपीइतकंच महत्त्वाचं: बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते सेटिंग्जमध्ये बघा. नव्या लॅपटॉपवर ते पुष्कळदा न विचारता चालू झालेलं असतं. चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. फाइलमध्ये ठेवायची नाही, निदान त्याच लॅपटॉपवर तर नाहीच.

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे १:१०

जुनाजाणतांच्या पहिल्या परिच्छेदाला माझ्याकडून पुरावा देतो.

चार वर्षांपूर्वी माझ्या डिस्कवर सी, मग डी, आणि डीच्या मागे लिनक्स अशी रचना होती. लिनक्सला जागा कमी पडू लागली, तेव्हा सी मधून जागा काढली. पण ती मोकळी जागा सी आणि डीच्या मध्ये आली, लिनक्सला लागून नाही. म्हणून मी जीपार्टेड या पार्टिशन बदलायच्या साधनात अख्खं डी डावीकडे सरकवायला घातलं. १८० जीबीचं पार्टिशन होतं.

पार्टिशनची शेवटची सीमा आत घेणं हे तुलनेनं हलकं काम असतं. आत पडलेल्या फाइली हलवायच्या, सीमा बदलायची, झालं. सुरुवातच सरकवायची म्हटलं की त्यातला डेटा नव्या जागी पुन्हा लिहावा लागतो. सामान घरातल्या घरात एका खोलीतून दुसरीत नेण्यासारखं नसतं ते. दोन्ही खोल्या एकमेकींत घुसलेल्या असतात, आणि मध्ये थांबलं की कोणतं सामान कुठल्या खोलीतलं हे कुणालाच सांगता येत नाही. जीपार्टेड स्वतःही तसा इशारा देतं. मी तो वाचला होता.

साधारण तीन तास लागणार होते. चार्जरची पिन सैल होती, हे मला माहीत होतं. रात्री झोपायला गेलो, सकाळी स्क्रीन काळी. बॅटरी संपून मशीन बंद पडलेलं.

टेस्टडिस्कनं पार्टिशन सापडलं, पण आतली फाइल सिस्टीम अर्धी इकडे, अर्धी तिकडे. फोटोरेक चालवून बऱ्याच फाइली मिळाल्या, मात्र नावं सगळी गेलेली, एक अक्षर आणि पुढे नुसते आकडे. त्यात वडिलांच्या आवाजातली रेकॉर्डिंग होती. काही मिळाली. त्यातल्या काही मध्येच तुटतात, ते वाक्य बोलत असतात आणि आवाज थांबतो. ते गेल्यावर त्या फाइलींची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

ताई, तुमच्या डिस्कवर सरकवण्याची गरजच पडणार नाही, सी चं शेपूट कापलं की पुरे. तरी चार्जर घट्ट लावून, शेजारी बसून करा.

कोरीपाटी | मंगळवार, सकाळी ७:५०

रात्रपाळी, वाचून पोटात कालवलं. आज संध्याकाळी दुसरं काही करत नाही, आधी कॉपी.

तिसरामजला | मंगळवार, दुपारी १:३०

धाग्यात मध्येच घुसतोय. माझा जुना डेस्कटॉप आहे, २०११ सालचा. सिस्टीम रिझर्व्ह्ड, सी, डी, ई अशी चार पार्टिशनं आहेत. ई मधून जागा काढली, पण लिनक्सचा इन्स्टॉलर त्या जागेला "अनयूजेबल" म्हणतो. विंडोजमधून त्या जागेवर पार्टिशन करायला गेलो तर डिस्क "डायनॅमिक" करू का विचारतंय. हो म्हणू का?

जुनाजाणता | मंगळवार, दुपारी २:०५

नाही म्हणा! ती खिडकी बंद करा. डायनॅमिक डिस्क झाली की लिनक्सचे नेहमीचे इन्स्टॉलर तिथे अडून बसतात, आणि परत साधी करायला विंडोजचा अधिकृत मार्ग म्हणजे सगळे व्हॉल्यूम पुसणं.

तुमची डिस्क एमबीआर पद्धतीची आहे. ही मांडणी १९८३ च्या डॉस २.० पासूनची. डिस्कच्या पहिल्याच ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये सगळं बसवलेलं: ४४६ बाइट सुरुवातीच्या कोडला, ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्याला, २ बाइट सहीला. एका पार्टिशनच्या नोंदीला १६ बाइट लागतात, म्हणून चारच नोंदी मावतात. जागा मोकळी असली तरी तक्त्यात पाचवी ओळच नाही, म्हणून ती "अनयूजेबल". कोरीपाटींच्या लॅपटॉपवर जीपीटी ही नवी पद्धत आहे, तिथे विंडोज १२८ नोंदींची सोय ठेवतं आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. त्यामुळे ही अडचण त्यांना येणार नाही.

तुमच्यासाठी सरळ वाट: ई मधला सगळा डेटा बाहेर काढा, ई उडवा, त्या जागी एक एक्सटेंडेड पार्टिशन करा. त्याच्या आत लॉजिकल पार्टिशनं हवी तेवढी होतात. एक पुन्हा ई म्हणून, बाकी लिनक्सला. लिनक्स लॉजिकलवरूनही व्यवस्थित बूट होतं.

तिसरामजला | मंगळवार, दुपारी २:२०

बरं झालं विचारलं. बोट माउसवरच होतं.

कोरीपाटी | बुधवार, रात्री ११:१५

आज पहिला धक्का बसला आणि पचलाही. एका व्हिडिओत सांगितलं होतं म्हणून मी बायोसमध्ये जाऊन सेक्युअर बूट (सही असलेलीच सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय) बंद केलं. परत विंडोज सुरू केलं तर निळी स्क्रीन, आणि रिकव्हरी की मागतंय. एन्क्रिप्शन चालू होतं! सोमवारी तुमचं वाचून मी ती की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर उतरवली होती. सहा-सहा अंकांचे आठ गट. मुलगी वाचत गेली, मी टाइप करत गेले. पाचव्या गटात चूक झाली, पुन्हा वाचलं, आणि उघडलं. तो कागद नसता तर मी काय केलं असतं, कल्पना करवत नाही.

मग सेटिंग्जमधून एन्क्रिप्शन बंद केलं. ते उलगडायला तासभर लागला.

पण दुसरी अडचण: श्रिंकमध्ये फक्त ३८ जीबी काढता येतील म्हणतंय. रिकामे तर २४० आहेत.

जुनाजाणता | बुधवार, रात्री ११:३०

सेक्युअर बूट बंद करायची गरजच नव्हती. मिंट, उबंटू, फेडोरा यांचा सुरुवातीचा बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) मायक्रोसॉफ्टच्या सहीचा असतो, तो सेक्युअर बूट चालू असतानाही चालतो. परत चालू करून टाका. आता एन्क्रिप्शन उतरलेलं आहे, त्यामुळे की मागणार नाही.

श्रिंकचं ओंजळ जास्त चांगलं सांगेल.

ओंजळ | गुरुवार, सकाळी ९:००

सांगते. श्रिंक शेवटाकडून आत येतं आणि पहिली न हलणारी फाइल भेटली की थांबतं. ती फाइल कुठल्या कोपऱ्यात बसली आहे यावर आकडा ठरतो, रिकामी जागा किती आहे यावर नाही. अशा फाइली म्हणजे हायबरनेशनची फाइल (मशीन बंद करताना मेमरी जिथे साठवतात ती), पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची) आणि सिस्टीम रिस्टोरच्या जुन्या प्रती. थोड्या वेळासाठी तिन्ही बंद करा, रीस्टार्ट करा, मग पुन्हा श्रिंक करून बघा. तरीही अडलं तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अ‍ॅप्लिकेशनच्या नोंदींत २५९ क्रमांकाची नोंद शोधा, वाटेत शेवटची अडलेली फाइल कोणती ते नावासकट लिहिलेलं असतं. काम झालं की पेजफाइल आणि सिस्टीम रिस्टोर परत चालू करायचं.

हायबरनेशन मात्र बंदच ठेवा. विंडोज ८ पासून "फास्ट स्टार्टअप" आलं आहे. तुम्ही शट डाउन म्हणता, पण विंडोज पूर्ण बंद होत नाही. कर्नल आणि ड्रायव्हर यांची स्थिती त्याच हायबरनेशनच्या फाइलमध्ये गोठवून ठेवतं, आणि सी ड्राइव्ह त्याच्या दृष्टीनं अजून उघडाच असतो. त्या अवस्थेत लिनक्समधून तिथे काही लिहिलं की दोघांच्या नोंदी जुळत नाहीत. लिनक्सचा ड्रायव्हर शहाणा असेल तर लिहू देत नाही, फक्त वाचू देतो, आणि लोक चिडून जबरदस्तीनं लिहायला लावणारा पर्याय शोधतात. मी तेच केलं होतं. प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण लिनक्समधून डी वर सेव्ह केलं. दुसऱ्या दिवशी विंडोजमध्ये फाइल नाही, पुन्हा लिनक्समध्ये गेले तर तिथेही नाही. गंमत वाटेल, पण "रीस्टार्ट" केलं तर विंडोज पूर्ण बंद होतं, "शट डाउन" केलं तर होत नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि पॉवरसीएफजीनं हायबरनेशन बंद करा, म्हणजे फास्ट स्टार्टअपही आपोआप जातं.

कोरीपाटी | शनिवार, दुपारी १२:१०

ओंजळताई, जमलं. तिन्ही बंद केल्यावर १७० जीबीपर्यंत काढता येत होते, मी १२० घेतले. विंडोज दोनदा सुरू करून पाहिलं, ठीक आहे.

आता मिंटच्या लाइव्ह यूएसबीवर बसून लिहितेय. इन्स्टॉलरमध्ये "समथिंग एल्स" निवडलं आहे, यादी समोर आहे आणि दोन गोष्टी खटकतात. मोकळी जागा १२८८४९ एमबी दाखवतंय. मी तर १२२८८० दिले होते, जास्तीची जागा आली कुठून? दुसरं, रिकव्हरी चार नंबरवर आहे आणि मोकळी जागा यादीत तिच्या वर, तीन आणि चारच्या मध्ये. तिथे पार्टिशन केलं तर रिकव्हरीचा नंबर बदलेल का?

जुनाजाणता | शनिवार, दुपारी १२:२५

थांबलात ते फार योग्य केलंत. जागा तेवढीच आहे, माप वेगळं आहे. विंडोजचा एमबी म्हणजे १०२४ गुणिले १०२४ बाइट, हा इन्स्टॉलर दहा लाख बाइटला एमबी म्हणतो. १२२८८० ला १.०४८५७६ नं गुणा, १२८८४९ येतात. तुमची ५१२ ची डिस्क विंडोजला ४७७ ची दिसते त्याचंही कारण हेच. आकडा असा अचूक जुळला म्हणजे बरोबर जागेवर बोट आहे, याहून चांगली खात्री नाही.

रिकव्हरीचा नंबर बदलणार नाही. नंबर तक्त्यातल्या ओळीचा असतो, डिस्कवरच्या जागेचा नाही. नवं पार्टिशन पाच होईल आणि तरी तीन आणि चारच्या मध्ये बसेल.

कोरीपाटी | शनिवार, दुपारी १२:३२

अगदी १२८८४९ आले, मोबाइलवर गुणाकार केला! मग या जागेचे तुकडे कसे करू?

ओंजळ | शनिवार, दुपारी १२:४०

माझं मत: रूटला (जिथे मिंट स्वतः बसतं) ५० जीबी, उरलेलं होमला (जिथे तुमच्या फाइली राहतात). उद्या मिंट पुन्हा टाकायची वेळ आली तर रूट पुसायचं, होम तसंच राहतं, फाइली आणि सेटिंग्ज दोन्ही वाचतात.

जुनाजाणता | शनिवार, दुपारी १२:४८

इथे माझं ओंजळशी पटत नाही. १२० जीबीत भिंत घातली की दोनपैकी एक खोली कधी ना कधी भरते आणि दुसरी रिकामी राहते. मग माणूस पार्टिशन सरकवायला जातो, आणि रात्रपाळींनी लिहिलं ते तिथूनच सुरू होतं. एकच ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम) पार्टिशन, रूटवर. स्वॅप (रॅम कमी पडली की लागणारी जागा) फाइल म्हणून करता येते, वेगळं पार्टिशन नको. होम वेगळं असलं तरी बाहेर प्रत घ्यावीच लागते.

ओंजळ | शनिवार, दुपारी १२:५५

मोठ्या डिस्कवर मी माझ्याच पद्धतीनं करेन. पण १२० मध्ये एकच, हे मान्य.

रात्रपाळी | शनिवार, दुपारी १:०५

मलाही एकच बरं वाटतं. आणि बाकी कुणी वाचत असेल तर: बाहेरच्या एसएसडीवर मिंट टाकताना इन्स्टॉलर बूटलोडर मात्र आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये टाकू शकतो, खाली दुसरी डिस्क निवडली असली तरी. मग बाहेरची डिस्क काढली की लॅपटॉप ग्रबच्या (लिनक्सच्या बूटलोडरच्या) काळ्या प्रॉम्प्टवर येऊन उभा राहतो. तसं करायचं असेल तर तेवढ्यापुरती आतली डिस्क बायोसमधून बंद करावी, किंवा काढता येत असेल तर काढावी.

कोरीपाटी | रविवार, सकाळी १०:३०

झालं! एकच पार्टिशन केलं. ईएफआयसमोर फॉरमॅटची खूण नाही हे मुलीलाही बघायला लावलं. सुरू करताना ग्रबच्या यादीत मिंट आणि विंडोज दोन्ही दिसतात, दोन्ही उघडतात. फोटो जागेवर आहेत.

एकच खोड राहिली. मिंटमधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ काही तासांनी चुकलेलं असतं.

जुनाजाणता | रविवार, सकाळी ११:००

अभिनंदन! मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं, आणि दोघं एकमेकांची वेळ आपल्या पद्धतीनं वाचतात. तुमच्या भागाचा यूटीसीशी जेवढा फरक, तेवढंच घड्याळ चुकेल. मिंटच्या टर्मिनलमध्ये "टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १" चालवा. त्यावर एक इशारा येईल, पण जोडीला विंडोज असताना हा चालणारा तोडगा आहे.

पुढे कधी विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ग्रब दिसेनासा झाला तर मिंट गेलं असं समजू नका. बहुतेक वेळा फक्त बूटचा क्रम बदललेला असतो, बायोसमध्ये जाऊन मिंटची नोंद पुन्हा वर आणायची. त्या नोंदीला बऱ्याचदा "उबंटू" असं नाव असतं, त्यामुळे गोंधळू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर काही लिनक्स सेक्युअर बूटवर अडले होते, तेव्हाही लोकांचा डेटा जागेवरच होता. पुन्हा इन्स्टॉल करायची घाई करून काहींनी तो स्वतःच पुसला असेल, याचं मला वाईट वाटतं.

आणि कधी मिंट काढायचं झालं तर आधी बूटच्या क्रमात विंडोज पहिलं करा, ते उघडतंय बघा, मगच लिनक्सचं पार्टिशन उडवा. उलट केलं की ग्रब जागेवर, पण त्याच्या फाइली गायब.

एन्क्रिप्शन अजून बंदच आहे का? लॅपटॉप बाहेर नेत असाल तर परत चालू करा. पण नवी की तयार होईल, जुन्या कागदावरची चालणार नाही. आणि त्यानंतर विंडोज ग्रबमधून उघडल्यावर की मागायला लागलं, तर ते थेट लॅपटॉपच्या बूट मेनूमधून उघडत जा.

कोरीपाटी | रविवार, रात्री ८:२०

घड्याळ जुळलं. एन्क्रिप्शन चालू केलं, नवी की आली. ती दोन कागदांवर लिहिली, एक घरी, एक बहिणीकडे. मुलीनं दोन्ही कागद स्क्रीनशी अंक न अंक पडताळून पाहिले. जुना कागद फाडला.